कलम नऊ

कूलरमध्ये पाणी टाकून ठेवलंय, निखारे.
वाळ्याची ताटी मागच्या मे महिन्यातली, वास गेला तिचा,
पण चालते.
ही सक्करदऱ्याची खोली, हे रजिस्टर,
या वीस खुर्च्या डोंगरे सरांच्या ट्युशनच्या,
आपल्या नाहीत, हे आधीच सांगतो.
आपलं फार थोडं आहे.

सहा वर्षं सर्व्हरचा पासवर्ड
एकट्या माझ्या डोक्यात होता.
कोणी मागितला नाही, मी दिला नाही.
त्याला मी जबाबदारी म्हणायचो.
धंतोलीच्या दवाखान्यात, सलाईनच्या हाताने
मोबाईल धरून सुगतला अक्षर अक्षर सांगताना
(नर्सही ऐकत होती)
कळलं, याला दुसरं नाव आहे.

नियम मीच लिहिले.
कोड सगळ्यांचा, श्रेय लिहिणाऱ्याचं.
आडनावावरून, इंग्रजीवरून कोणी कोणाला हसायचं नाही.
नवख्याचा पॅच नाकारला तर कारण लिहायचं,
आणि कारण कामाचं असावं, माणसाचं नको.
पोह्यांचा खर्चसुद्धा वहीत, तर्रीसकट.
झेरॉक्स काढून दारामागे चिकटवले.
दार उघडं असलं की ते दिसत नाहीत.

मग शिफाची तक्रार आली.
मराठी शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम,
आठ महिने तिने लिहिलेला,
आणि वर नाव चढलं सुहृदचं.
सुहृद म्हणजे माझ्या लुनावर मागे बसून
फुटाळ्याला येणारा.
"जाऊ दे ना बे, लहानशी गोष्ट आहे."
मी म्हणालो, पाहू.
अकरा दिवस पाहूनच राहिलो.

त्या शनिवारी ती आली नाही.
पुढच्याही नाही.
नाव मी नंतर बदललं, सुहृदचे अधिकार काढले,
त्याने बोलणं टाकलं, ते सोड.
तिला माफीचं पत्र टाईप करत होतो
तर तिच्याच प्रोग्रामने
माझ्या तीन शब्दांखाली लाल रेघ ओढली.
दोन तिथे खरंच चुकले होते.
तिसरा होता 'अनवधानाने'.
तो बरोबर होता, तरी मी खोडला.

हिंगण्याची ती कंपनी पुन्हा येईल.
पैसे देईल, बॅनर मागेल,
आणि जाता जाता पोरांचे नंबर.
बॅनर लावायचा की नाही ते सगळ्यांनी बसून ठरवा.
नंबर द्यायचे नाहीत.
त्यासाठी बसायचीही गरज नाही.

किल्ल्या दोन केल्यात. एक तुझी, एक नौशादची.
एकाच किल्लीने आता काहीच उघडत नाही,
त्रास होईल, होऊ दे.
मला तिसरी देऊ नका, मी मागितली तरी.

राहिलं कलम नऊ: कार्यकाळ.
पुढे सहा वर्षं कोरी जागा.
काल रात्री मी तिथे 'दोन' लिहिलंय, पेन्सिलने.
पेनाने काय लिहायचं ते तुम्ही ठरवा.
मी खाली पोहे सांगायला जातो.
हात वर करताना, निखारे,
जिन्याकडे पाहू नकोस.