मुक्कामी गाडी

पारा पाच पूर्णांक सहा.
पेपरवाल्या पोरानं आकडा ओरडून सांगितला,
पेपर ओट्यावर फेकला
आणि दोन्ही हात काखेत घालून
सायकल नुसत्या मांड्यांनी वळवली.

मी कानटोपी भुवयांपर्यंत ओढली.
नांदेडला रस्त्याकडेला स्वेटर विकणाऱ्या
तिबेटी बाईकडून घेतलेली.
ती म्हणाली, आमच्याकडे बर्फ पडतो.
मी म्हणालो, मी जिंतूर आगाराचा.
वीस रुपये कमी केले तिनं.

एकतीस वर्षं कंडक्टर.
त्यातले कितीतरी पौष-माघ गाडीतच निजून काढले.
शेवटच्या गावाला शेवटचा माणूस उतरला
की चिल्लर मोजायची, पेटीला कुलूप,
गाडी शाळेच्या भिंतीच्या आडोशाला,
आणि भांडण एकच : बॉनेटवर कोण झोपणार.
मोईनभाई म्हणायचे, गाडी मी तापवली.
मी म्हणायचो, माणसं मी भरली.
एक रात्र त्यांची, एक माझी.

बॉनेट एक वाजेपर्यंत पुरायचं.
मग दोघंही जागे,
खिडकीच्या फटीत पोत्याचे तुकडे कोंबत.
मोईनभाई बहिणीच्या लग्नाची गोष्ट
पुन्हा पहिल्यापासून सांगायचे.
वऱ्हाडाची संख्या चुकली तर मी दुरुस्त करायचो.

करंजवाडीच्या मुक्कामाला
साडेचारला कोंडाबाई यायची.
घमेल्यात तुराट्यांचा इंगळ,
वाटेत विझू नये म्हणून वरून राख पसरलेली.
दाराच्या पायरीवर ठेवायची. "घ्या, शेका."
तेवढंच.
गाडी ढकलायला पोरं गोळा व्हायची
तीही तिच्याच हाकेनं.
स्वतः मात्र एकदाही गाडीत चढली नाही.
मी म्हणालो, मावशी, चला परभणीला, तिकीट माझं.
ती म्हणाली, "तिथं काय येगळी थंडी हाय का?"

मला उत्तर सुचलं नाही.
घंटी मारली.

पुढं वैजयंतानं आम्हाला बोलावून घेतलं,
तिचं बाळंतपण होतं.
जगात जर्मनी, भारतात परभणी,
जन्मभर म्हणत आलो,
आता पहिलं अर्धं बघायला निघालो
दोन स्वेटर, तिळाचे लाडू आणि जवसाची चटणी घेऊन.
उणे नऊ.
घरात मात्र बनियनवर बसायचो.
भिंतीजवळच्या गरम नळीला हात लावून बघायचो.
इंगळ दिसत नाही, धूर नाही,
शेकायला कुणी कुणाजवळ सरकत नाही.
तिथं थंडी दाराबाहेर ताटकळते.
आपल्याकडं ती सरळ आत येते
आणि पांघरुणात पाय घालते.

तिथल्या बसमध्ये कंडक्टर नव्हता.
माझं तिकीट एका डब्यानं दिलं.
मी पुढच्या सीटवर बसलो
आणि सबंध रस्ता डोकी मोजत राहिलो.
सतरा.
जावई म्हणाला, बाबा, काय पुटपुटताय?

येगळी असती, कोंडाबाई.

एवढं सांगायला परत आल्यावर करंजवाडीला गेलो.
मुक्कामी गाडी बंद झालेली,
म्हणून भाच्याच्या मोटारसायकलवर,
छातीला पेपर लावून, वरून जर्कीन.
घराला कुलूप.
शेजारीण म्हणाली, लेकीकडं गेली, पुण्याला.
कशानं गेली?
"एसटीनं की. दुसरं कशानं?"
खिडकीपाशी बसली का,
हे विचारायचं राहूनच गेलं.

आज कोपऱ्यावर पोरांनी पेटवलंय.
पुठ्ठे, पऱ्हाट्या,
एकानं टायरचा तुकडा टाकला, त्याला दोन शिव्या दिल्या.
रिक्षावाला, दूधवाला,
ट्यूशनला निघालेल्या दोन मुली,
सगळ्यांच्या पाठी गार, तळवे लाल.
एक म्हातारा लांबूनच बघत थांबलेला.
सरका थोडं, मी म्हणालो, आत सरका,
जागा आहे.

मला स्टँडला जायचंय, तो म्हणाला,
आणि हात पुढं केले.