नियोजित

नकाशात पक्की रेघ म्हणजे चालू मार्ग,
ठिपक्यांची म्हणजे नियोजित.
शमाल एअरच्या नकाशात पक्क्या रेघा चार होत्या
आणि ठिपके इतके
की रास अल खैमाहून कुणी मूठभर मोहरी उधळावी.

मस्कत, सलाला, बहारीन, शिराझ हे चालू.
पुढे चाबहार, अस्मारा, झांझिबार,
आणि उजव्या कोपऱ्यात, जिथे नकाशाची घडी पडायची,
रत्नागिरी.

ते मी घातलं होतं.
वेळापत्रक विभागात आम्ही दोघंच.
शिबूने कन्नूर घातलं, मी हे.
नादीन मॅडमनी दोन्हींवर सही केली, न वाचता,
त्या आठवड्यात इंधनवाल्यांचे फोन येत होते.

मग मी ते नीट मांडलं.
मंगळवार. पहाटे चार दहाला सुटायचं.
तिथल्या धावपट्टीला रात्रीचे दिवे नाहीत,
म्हणून उजाडल्यावर उतरायचं: साडेआठ.
त्यातला दीड तास घड्याळाचा, बाकीचा समुद्राचा.
इतकं बारीक मी माझ्या लग्नाच्या यादीतही पाहिलं नव्हतं.

कर्मचाऱ्यांची बस चालवणारे इब्राहिम सारंग
म्हणाले, पहिलं तिकीट माझं.
मुंबईला उतरायचं, पुन्हा रात्रभर बसायचं,
मांडीवर टीव्हीचं खोकं,
कशेडीच्या वळणांना ते कवटाळून धरायचं,
बावीस वर्षं झाली म्हणाले, बास.
दोनशे दिरहम माझ्या हातात कोंबले.
तिकीट नव्हतंच. मी वहीच्या पानावर पावती लिहिली:
सातवी रांग, खिडकीची नाही, पाय लांब करायची.

बंद पडणं मोठ्या आवाजात होत नाही.
आधी कॉफीचं मशीन गेलं.
मग मारिसेलच्या काउंटरवरचा प्रिंटर
भाड्याचा होता हे कळलं.
मग एका बुधवारी विमानं.
दोन्ही. इंजिनांच्या तोंडांवर लाल झापडं बांधून
उन्हात उभी केली,
आणि आयर्लंडहून आलेला एक माणूस
आत जाऊन खुर्च्या मोजत बसला.
शहात्तर आणि शहात्तर.
एक पट्टा कमी भरला, तोही त्याने लिहून घेतला.

बातमी आली. तीन ओळींची.
चार रेघा पुसल्याचं तीत होतं,
ठिपक्यांचं नव्हतं.
जे सुरूच झालं नाही ते बंद कसं पडणार?
त्याचे प्रवासी कुठे अडकले नाहीत,
त्याचे पैसे मागायला रांग लागली नाही.
म्हणजे लागली. रांगेत एकटे सारंग.

मी पाकिटातून दोनशे काढले.
वाटलं, नको म्हणतील.
त्यांनी मोजून घेतले.
पावती मात्र परत दिली नाही,
म्हणाले, हरवली.
मग गिअर टाकता टाकता, स्वतःशीच:
साडेआठ म्हणजे नाश्त्याला घरी.

आता मी बंदरावर कंटेनरांचे आकडे लिहिते.
नकाशांचे उरलेले गठ्ठे शिबूच्या खोलीत.
तो त्यांवर मासे साफ करतो,
झांझिबारभर खवले.

मंगळवारी मात्र जाग येते, बरोबर चार दहाला.
गच्चीवर वाळत घातलेले कपडे
दमट हवेने पुन्हा ओले झालेले,
वारा पडलेला.
वर ती दहा मिनिटांची जागा तशीच असते,
अजून कुणी मागितलेली नाही.

खरं सांगायचं तर रत्नागिरीत
आता माझं कुणी राहत नाही.
घर विकून सहा वर्षं झाली.
तरी मी उभी राहते, आग्नेयेला तोंड करून,
आणि मनातल्या मनात वेळ पुन्हा लावून बघते:
लवकर पोचायला नको.
तिथे दिवे नाहीत.