पुलाच्या अलीकडे

बावीस वर्षांत हे कोनी इचारलं नव्हतं, साहेब.
"थंडी आहे का?" इचारतात. "चकन्यात काय?"
"उधारी चालन का?" हे तं रोजचंच.
पन "कवडूभाऊ, तुम्हाले कोनती आवडते?"
थांबा, टेबल पुसू द्या आंधी.

तो पूल दिसते ना? त्याच्या पलीकडे बंदी.
तिकडचा मानूस अंधार पडला का इकडे येते,
गाडीचा नंबर भितीकडे करून लावते,
अन् जाताना पेरूचा पाला चावते.
मालकानं त्याच्यासाठीच पेरूचं झाड लावलं.
पेरूले कोनी हात नाई लावला आजपर्यंत,
झाड मात्र बारा महिने उघडं.

मले चेहरे नाई आठवत, गिलास आठवतात.

डफरे गुरुजी. बीअर, पन माठाच्या पान्याएवढीच थंड.
जास्त थंडीनं घसा बसते,
सकायी प्रार्थना घ्याची असते.

सोमा धुर्वे. रम, ऊन पान्यात.
मे महिना, सेहेचाळीस डिग्री, कपायावरून घाम गयत,
तरी ऊनच.
म्हनते, लोखंड लोखंडानंच कापा लागते.

जिनिंगचा फिटर वासनिक. देशी संत्रा,
वरून खऱ्या संत्र्याची फोड दाबते,
मीठ, मिऱ्याची चिमूट.
"खोट्याले जरासक खरं दाखवा लागते, कवडू."
नागपूरच्या हाटेलात याचेच सहाशे घेतीन.

अन् वाईन? होती ना, एक होती.
मालकाच्या जावयानं नाशिकहून आनलेली.
सहा वर्षं शोकेसात उभी,
बंद घड्यायाच्या बाजूले, दुपारचं ऊन खात.
मंग एक दिवस माती तपासनीच्या म्याडम आल्या,
गाडी पंक्चर, सोबत नवरा.
"वाईन मिळेल?"
सारा बार आपापल्या ताटात पाहाले लागला.
बूच काही निघे ना,
चमच्याच्या दांड्यानं आत ढकललं.
त्यायनं घोट घेतला. डोये मिटले.
"छान आहे," म्हने.
मी मांगून चाखली. निव्वळ सिरका.
तवापासून "छान" म्हननाऱ्यावर माहा इश्वास नाई,
त्या बाईवर आहे.

माही आवडती? तेच तं सांगून राह्यलो.
नवा होतो तवा मी अन् भट्टीवरचा नथ्थू
शटर पाडलं का, गिलास धुयाच्या आंधी
उरलंसुरलं एका जगात ओतत जाव.
गुरुजीची बीअर, सोमाची रम,
वासनिकची फोड, बियासगट,
कोनाची तं ओठालेही न लागलेली,
बायकोचा फोन आला म्हून जागीच सोडलेली.
रंग वर्धेच्या पुराचा.
चव रोज अलग.
लग्नसराईत गोड, पोया झाला का कडू,
निवडनुकीत नुसतीच महाग.
नथ्थूनं नाव ठेवलं, ग्रामसभा.
कोरम पुरा झाला का अशी झोप लागे!

मंग नथ्थू पलीकडे गेला, सासरवाडीले.
बंदी तिकडे, सुटली त्याची.
मांगच्या दिवायीत आला होता,
गिऱ्हाइकावानी या खुर्चीवर बसला.
मी इचारलं, काय आनू?
म्हने, सोडा. मीठ टाकून.
अर्धा पेला, पैसे ठेवले, मी नाई म्हनलं तरी ठेवले,
पेरूचा पाला न तोडता गेला.

बार बंद झाल्यावर तो अर्धा सोडा मी पेलो.
बुडबुडे मेलेले, मीठ बुडाले बसलेलं.
जग घेतला नाई.

बरं, तुम्हाले काय आनू?
मोठी बाटली घ्या, परवडते.
पुरीच संपवली पाह्यजे असं काही नाई.