त्रैमासिक पत्रक, मराठी आवृत्ती

दर तीन महिन्यांनी चौकसे येतो,
स्कूटर चालूच ठेवून फाटकातून हाक मारतो,
“मॅडम, विधायकजी का पत्र.”
चार पानं हिंदी. परवापर्यंत मराठी हवं.
रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर मिळून सहाशे प्रती;
तेवढी मराठी मतं अजून
मोजण्यासारखी आहेत म्हणे.

बत्तीस वर्षं गणित शिकवलं मी.
भाषा शिकले ती ह्या पत्रकांवर.
‘विधायक’चं आमदार करते,
तसाच ठेवला तर आपल्यात
अर्थ फारच चांगला होतो.
‘शिक्षा नीति’ तशीच गेली असती
तर म्हाताऱ्यांनी विचारलं असतं,
कोणाला? आणि कशाबद्दल?
‘विधायकजी व्यस्त हैं’ मात्र मला आवडतं.
एक वाढलं की दुसरं घटतं, ते व्यस्त.
फळ्यावर किती वेळा लिहिलंय.

ह्या वेळी पहिल्या पानावर भूमिपूजन,
कुदळीला रिबन, कुदळीमागे नऊ माणसं.
मग टॅबलेट वाटप. भजनी मंडळाला सतरंज्या.
बिडवाईकर काकूंना नव्वदावं लागलं, सत्कार, शाल.
आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी,
बोअरिंगला पाणी लागल्याच्या बातमीखाली, दोन ओळी:
नव्या धोरणानुसार मराठी प्राथमिक शाळेचा
फाटकापलीकडच्या शाळेत ‘विलय’.

माझी शाळा.

अकरा मुलं उरली होती.
एकाच्याही घरी मराठी नाही.
खरगोनकडून बांधकामावर आलेल्यांची पोरं,
पण निमाडी; ‘ळ’ जन्मापासून जिभेवर.
सुनीता बडोले ‘काळा फळा’ म्हणायची
ते आमच्या नातवंडांनी शिकावं,
ती ‘काला’ म्हणतात, आणि तेही कंटाळून.

विलय.
विलीनीकरण, लिहिलं. खोडलं.
बँका विलीन होतात.
संस्थान विलीन झालं तेव्हा
माझ्या सासऱ्यांचा पगार तीन महिने अडला होता.
शोकसभेत माणसं अनंतात विलीन होतात.
अकरा मुलं कशात होतात?
सव्वादोन किलोमीटर. मधे दोन चौक, रेल्वेचं फाटक.
मी चालत मोजलंय, गुडघ्यासकट.

लिहिलं: शाळा बंद झाली.
पोरं म्हणतात ना, बाई, पाटी फुटली.
फुटली की फोडली, हे मी नेहमी विचारायचे.
म्हणून पुन्हा लिहिलं:
शाळा बंद करायला आपल्या आमदारांनी मान्यता दिली.
नवी शाळा सव्वादोन किलोमीटर.

हा अनुवाद नाही, मला ठाऊक आहे.
गणितात ह्याला पडताळा म्हणतात.

खातीपुऱ्यातून प्रूफ आलं,
नेहमीसारखे सगळे ळ गळालेले.
शाला. मंडल. सकाल.
तेवीस ठिकाणी लाल पेनाने बसवले,
एकेक, चष्मा पुसून पुसून.
चौकसेने पानं उलटली, फोटो मोजले.
“सब ठीक?”
ठीक, म्हटलं. चारशे रुपये, व्हाउचरवर सही.
हात थोडा थरथरला, पण तो हल्ली थरथरतोच.

वरचं नाव मात्र मी कधीच बदललं नाही.
‘क्षेत्र समाचार’.
त्यांच्यात तो देतात.
आपल्यात घेतात.

सोमवारी साडेआठला फाटक वाजलं.
बिडवाईकर काकू, सत्काराची शाल अंगावर,
प्लास्टिकचं लेबल अजून लोंबतंय.
“अगं, त्याचं ऑफिस किती वाजता उघडतं?”

मागे सुनीताची आई,
पायांवर सिमेंट, पत्रकाची घडी कमरेला.
तिला वाचता येत नाही.
सुनीताने वाचून दाखवलंय.