वजन

उडायच्या आधी कुमुदनं विचारलं, "वजन किती? खरं सांग."
कागदावर रकाने आखले होते:
इंधन, सामान, वैमानिक, आणि मी.
मी चौसष्ट म्हटलं.
तिनं मान खाली घालून आकडा लिहिला,
चेहऱ्यावर काही नाही.
भूमितीच्या तासाला असायची तश्शी.

विमान म्हणजे पंख लावलेली फियाट.
दार दोनदा आपटावं लागलं.
पंखाखालून तिनं काचेच्या नळीत थोडं पेट्रोल काढलं,
उन्हात धरलं. निळं,
दौत विसळल्यावर पाणी होतं तसलं.
"पाणी तर नाही ना मिसळलं, बघायचं असतं."
गवळ्यावर जेवढा विश्वास, तेवढाच हिचा इंधनावर.

वाघोलीचा प्लॉट विकून ही विमान शिकली,
पन्नाशीला टेकल्यावर.
सोसायटीत कुणी म्हणालं, वेड लागलंय.
कुणी म्हणालं, घारपुरेच त्या, उडणारच.
मी काहीच म्हटलं नव्हतं.
तेवढंच बहुतेक तिच्या लक्षात राहिलंय.

बारामतीची धावपट्टी कधी सुटली कळलं नाही,
झोपलेल्या बाळाच्या मुठीतून
आपलं बोट सोडवून घ्यावं तशी.
मग ऊस. ऊस आणि ऊस.
पट्टी न लावता ओढलेला कालवा.
कारखान्याचा धूर उभाच्या उभा.
"वारा झोपलाय," कुमुद म्हणाली.
मोरगाव मागे पडलं, नाझऱ्याचं पाणी आलं,
त्यावरून आमची सावली गेली
भाकरीच्या तुकड्याएवढी,
आणि कोरडीच पलीकडे निघाली.

"कुठे जायचं?"
"कुठे नाही. अंजिरांवरून वळू."

हेडफोनमधे तिचा आवाज इतका जवळ
की मी उगाच मागे सरले.
गेली कित्येक वर्षं आम्ही बोलतो ते
सिलिंडरबद्दल, सुनांबद्दल, साखरेच्या रिपोर्टबद्दल.
इथे उंची वाचता वाचता ती म्हणाली,
"अडतीसशे फूट. एकटी असले की अजून भीती वाटते गं."
मी खाली बघत राहिले.
सासवडच्या बागा,
रांगोळीचे ठिपके घालून
कुणीतरी फोन घ्यायला आत गेलेलं.

दिवे घाटाच्या अलीकडेच वळायचं,
पुढचं आकाश लष्कराचं.
तिथून पुणं दिसलं:
पातेल्याच्या बुडाला लागलेलं दूध.
मी काचेवर अंगठा ठेवला
आणि अख्खं शहर त्याखाली गेलं,
सहकारनगर, माझा चौथा मजला,
गॅस बंद केला होता की नाही,
पार्किंगवरून बारा वर्षं चाललेलं भांडण.
अंगठा काढला.
होतं सगळं, जिथल्या तिथं.
निदान आग तरी दिसत नव्हती.

"धर," ती म्हणाली. "पेला धरतेस तसं. आवळू नकोस."
चार मिनिटं विमान माझ्याकडे होतं,
आणि तळहातांना घाम.
ते हळूच डावीकडे गेलं.
सरळ केलं. पुन्हा डावीकडे.
"डावीकडेच झुकतेस," कुमुद हसली,
"बाकावर झुकायचीस ना, माझ्या वहीत बघायला,
ते अजून गेलं नाही."

उतरल्यावर पंखाच्या सावलीत
थर्मासचा चहा, पिशवीतलं भडंग.
जमीन पायाखाली जरा मऊच वाटत होती.
मी म्हटलं, "कुमुद, अडुसष्ट आहे."
"सत्तर लिहिलं होतं मी,"
ती शेंगदाणे वेचत म्हणाली.

येताना तीच गाडी चालवत होती.
जे वरून अंगठ्याएवढं होतं
त्याच्या दारात आम्ही पाऊण तास उभ्या,
उसाच्या ट्रॅक्टरमागे, घाटात.
खिडकीतून वर पाहिलं.
एक घार, पंख न हलवता,
सावकाश गिरक्या घेत.
"तुझ्या माहेरची," मी म्हटलं.
"सासरची," म्हणाली कुमुद,
आणि हॉर्न दिला.