पाव सेकंद

पाँटनेदवेखन. हे नाव धड उच्चारायला
मला वेल्समधले दोन हिवाळे लागले.
पबच्या मागून पायवाट निघते, डावीकडे नदी,
खाली बीचची ओली पानं, पायाला न विचारता सरकणारी.

एमरिस पुढे. वय एक्क्याऐंशी.
त्याच्या खुब्याचा एक्सरे मीच काढला होता;
टेबलावर पडल्या पडल्या त्यानं विचारलं,
‘एक्स्पोजर किती?’
बारा वर्षांच्या नोकरीत हे कुणी विचारलं नव्हतं.
कॅमेरा घेतला तेव्हा म्हणून त्याचीच आठवण झाली.

ग्लादिसचा धबधबा. रुंद, फार उंच नाही,
खडकाच्या ओठावरून सरळ खाली.
‘आभाळ भरलंय ते बरं. ऊन म्हणजे शत्रू.
आयएसओ शंभर, एफ अकरा.
पुढची काच फिरव, दगडांवरची चकाकी जाऊ दे.’
मी फिरवली, आणि शेवाळाचा खरा हिरवा
चोरासारखा बाहेर आला.

आधी सेकंदाचा हजारावा भाग:
पाणी म्हणजे फुटलेली काच,
एकेक थेंब गुन्हा कबूल करायला उभा.
मग चार सेकंद:
धबधबा कुठला, कुणी तरी कड्यावर
धोतर वाळत घातलंय.
एमरिस हसला. ‘दोन्ही खोटं.
दोन्ही असं कुणी पाहिलेलं नाही.
पाव लाव. आणि टायमर,
तुझं बोटसुद्धा धक्का देतं त्याला.’

श्वास घ्या. रोखा. हलू नका. सोडा.
दिवसातून चाळीस वेळा मी हे म्हणते.
इथं कुणाला म्हणणार?
दगडावर पांढऱ्या छातीचा एक पक्षी
शिक्षा झाल्यासारखा उठाबशा काढत होता;
फोटोत त्याला दोन डोकी आली.

‘आता माझा एक,’ म्हणत तो पाण्याजवळ गेला,
काठी रोवली, टोपी सरळ केली.
पाव सेकंद.
पाणी पाण्यासारखं आलं. दगड दगडासारखे.
काठी रेघेसारखी स्वच्छ,
आणि काठीवरचा हात
धुकं.

कामावर असते तर म्हटलं असतं, हललाय, पुन्हा काढू.
मी काहीच म्हटलं नाही.
लेन्सवर तुषार नव्हते, तरी पुसत बसले.
त्यानं पडदा जवळ धरला, मोठं करून पाहिलं,
हातावर थांबला.
‘हं. म्हणजे पाव बरोबर आहे.’

मग, टोपी पुन्हा सरळ करत,
‘कार्डिफला पाठवायचाय, मुलीला.
तिच्यासाठी एकशे पंचविसावर काढ.’
आयएसओ सोळाशेवर नेला, छिद्र मोठं केलं.
फोटो जरा दाणेदार आला.
पाणी थिजलं. हातही.

परतीच्या वाटेवर तिवई माझ्या खांद्यावर होती,
तरी दोनदा त्यानं मागितली.
दुसऱ्यांदा दिली.
वळणावर दलदल होती तिथं तो थांबला,
एक पाय चाचपत म्हणाला,
‘तुझ्या खात्यात ते पत्र येतं ना, तपासणीच्या तारखेचं?
मला आलंय. गुरुवारचं आहे.’
आणि पुढे, नदीच्या आवाजावरून ओरडून,
‘बॅटरी काढून ठेव, ओली होईल.’