उरलेला वेळ

रोकुर म्हणाला, मारयुन, ह्याची धाप ऐकू येते का?
मी म्हटलं, दोन हिवाळे ऐकतेय.
आधी वाटलं वारा असेल. क्लाक्स्विकमध्ये
कुठल्याही आवाजाचं खापर आम्ही वाऱ्यावर फोडतो.
डिस्क जाणार, तो म्हणाला, फार तर ईस्टरपर्यंत.
हवंय ते काढून घेऊ.

हवंय ते.
डॉन्यल गेल्यापासून हे यंत्र मी पुसते तेवढं.
उघडलंच तर विजेचं बिल भरायला.
आता हा पोरगा एकेक कप्पा उघडून दाखवतो:
बोटीच्या इंजिनाचे कागद,
कुठल्या मेंढीच्या कानावर कुठली खूण,
"नवीन फोल्डर", "नवीन फोल्डर २",
"मारयुनला दाखवू नये".
बिचाऱ्याचं बोट हवेतच थांबतं.
उघड, म्हटलं.
आत माझ्या साठीच्या मेजवानीची यादी,
रुबार्बच्या केकला अंडी किती,
आणि कुणाला बोलवायचं नाही:
पहिलं नाव माझ्या भावाचं.

सेटिंग्जही घ्यायची, का कोरी पाटी?
सेटिंग्ज म्हणजे काय रे?
म्हणजे अक्षरांचा आकार, पडद्याचा रंग,
त्यांनी शिकवलेले शब्द.

शिकवलेले शब्द!
एक साधी फाइल, दोनशे चौदा ओळी.
आमची भाषा यंत्राला धड येत नव्हती,
जिथे तिथे लाल नागमोडी रेघ,
आणि हा माणूस रात्री जागून
एकेका शब्दाला दार उघडून आत घेत बसलेला.
स्काद्दा, डोंगरमाथ्यावर टोपीसारखं बसतं ते धुकं.
होडीच्या कुठल्याशा फळीचं नाव,
जे त्याच्या बापानंतर कुणी घेतलं नसेल.
माझं स्वयंपाकघरातलं नाव.
आणि गुरुवार. तोही चुकीचा.
मास्तरांच्या छड्या खाऊनही सुधारला नव्हता,
शेवटी यंत्रालाच पटवलं त्यानं.

सगळं घे, म्हटलं. चुकांसकट.

निळी पट्टी सरकू लागली.
उरलेला वेळ: चार तास.
मग बारा मिनिटं. मग सहा तास.
तोर्शहाव्नचे डॉक्टर असंच सांगायचे,
चेहऱ्यावरची रेषही न हलवता.
एकोणनव्वद टक्क्यांवर पट्टी अडकली.
रोकुर कोचावर झोपून गेला, बूट घालूनच.
मी शेजारी बसून राहिले.
शेजारी बसून राहायचा मला सराव आहे.

नवा संगणक आवाजच करत नाही,
चालू आहे का बंद, हात लावून बघावं लागतं.
माउस दाबला तर भलतीच यादी उघडली.
पुन्हा दाबला, पुन्हा तीच.
रोकुरला फोन केला, तो हसला:
डावखुऱ्याचं सेटिंग आलंय सोबत, बटणं उलटी झालीत,
अर्ध्या मिनिटाचं काम आहे, सांगू?

बेचाळीस वर्षं एका बाकावर जेवलो.
तो डावरा, मी उजवी,
कोपराला कोपर लागून सूप सांडायचं.
प्रार्थनेनंतरचं आमचं पहिलं वाक्य
कायम एकच: सरक ना जरा.

राहू दे, म्हटलं.

विजेचं बिल भरायला आज
वीस मिनिटं लागली.